सासूबाईंच्या कमरेला ओटीपी

कॉम्प्युटरच्या बाबतीत आमच्या घरात माझाच शब्द चालतो! मी कुठल्या क्लासला गेले नाही, कोणी शिकवलं नाही. बिघडवत बिघडवत शिकले. त्यामुळे परवा अँटीव्हायरसची मुदत संपली तेव्हा मी जाहीर केलं, "त्यात काय! तुम्ही चहा ठेवा, उकळायच्या आत होतं."

आमच्या ह्यांनी चहा ठेवला. तो उकळला, निवला, आणि शेवटी दोघांच्या वाट्याचा ह्यांनीच पिऊन टाकला.

घाई अशी, की समाजाच्या वधू-वर मेळाव्याची पुस्तिका माझ्या कॉम्प्युटरमध्ये होती. एकशे बारा मुलंमुली, फोटोसकट! मेळावा रविवारी, आणि त्या शुक्रवारी चारपर्यंत ती सराफा बाजारातल्या छापखान्यात पोचली नाही तर छपाईच होणार नव्हती. छापखान्याचे तिवारीजी फोनवर आधीच गरजले होते, "दीदी, पिछली बार आपकी पेन ड्राइव ने मेरी तीनों मशीनें बिठा दी थीं! एंटीवायरस से साफ़ करके लाना, वरना अंदर मत आना!" जशी काही पेन ड्राइव्ह नाही, गोवर आलेलं लेकरूच घेऊन जाते मी!

दोन वाजता बसले. स्क्रीनवर दर दोन मिनिटांनी लाल चौकोन उगवायचा, 'तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे!' अरे बाबा, तेच तर निस्तरून राहिले, तू जरा बाजूला हो ना! ऑनलाइन नूतनीकरण केलं, वीस अक्षरांची किल्ली आली. ती टाकली तर म्हणे, आधी जुनं काढा. जुनं काढायला गेले तर ते रुसलं! 'खरंच काढायचं? आमचं काय चुकलं? कारण निवडा.' निरोप देताना इतकं तर मला माहेरचेही थांबवत नाहीत! आणि कारणांच्या यादीत 'तुम्हीच काढा म्हणालात' हे कारण नव्हतं.

शेवटी ते गेलं, नवं आलं, आणि आल्या आल्या म्हणालं, 'नोंदवलेल्या मोबाईलवर ओटीपी पाठवला आहे. दहा मिनिटांत टाका. नंबराचे शेवटचे आकडे ४७.'

सत्तेचाळीस म्हणजे आमच्या सासूबाई, पार्वताबाई! तीन वर्षांपूर्वी विजय नगरच्या दुकानदारानं अँटीव्हायरस देताना नंबर मागितला, तेव्हा जाहिरातींचा मारा आपल्यावर नको म्हणून मी मोठ्या मनानं त्यांचा देऊन आले होते.

सासूबाई पलंगावर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. बटणांचा फोन कमरेच्या बटव्यात, बटव्याला पक्की गाठ.

"आई, एक ओटीपी आला असेल. सांगता?"

"नाही."

"आई!"

"कोणालेच सांगायचा नाही. बुद्धविहारात पोलीसवाली दीदी बजावून गेली. घरच्या माणसाचा आवाज काढून ठग मागतात म्हणे."

"आवाज काय, मी अख्खी समोर उभी आहे!"

"आता चेहराही बनवतात," सासूबाईंनी शेंग फोडली. "तुझा तर सोपाच आहे."

"अहो, तुम्ही तरी सांगा, मी कोण ते!" मी ह्यांना म्हटलं.

"मी या बाईंना ओळखत नाही," हे पेपराआडून म्हणाले.

दहा मिनिटं संपली, ओटीपी मेला. कंपनीला फोन लावला. पंचवीस मिनिटं बासरी ऐकल्यावर अवंतिका नावाची मुलगी भेटली. म्हणाली, "मैडम, नंबर बदलना है तो उसका ओटीपी भी उसी नंबर पर जाएगा." वा! म्हणजे किल्ली हरवली असेल तर कुलूप उघडून दाखवा, मग नवी किल्ली देतो!

"मैं दोबारा भेजती हूँ, आप माताजी को मना लीजिए," अवंतिका म्हणाली. बटव्यात टुणकन वाजलं. फोन स्पीकरवर होता, पण हिंदीवाली पोरगी, तिला आपलं काय कळणार? मी बिनधास्त सुरू झाले.

"आई, तीन वाजून गेले! एकशे बारा पोरांची लग्नं तुमच्या कमरेला अडकून राहिली!"

सासूबाई जरा विरघळल्या. "बरं. पण मले खात्री पाहिजे. बँकेवाले विचारतात तसा सवाल विचारते. जे आपल्या घरातच माहीत आहे, असा."

"विचारा!"

"लग्नात माझ्या बहिणीनं तुले मोरपंखी साडी दिली होती. ती कुठं गेली?"

सव्वीस वर्षं या प्रश्नाला माझं एकच उत्तर होतं.

"ड्रायक्लीनवाल्यानं हरवली."

"चूक."

"अहो, कांचघर मोहल्ल्यातला तो नाही का..."

"चूक! दोन चान्स गेले. तिसऱ्यांदा चुकली तर बँक खातं बंद करते."

स्क्रीनवर मिनिटं उतरत होती. चार... तीन... इकडे एकशे बारा पोरांचे संसार, तिकडे माझी सव्वीस वर्षांची अब्रू!

"शकुला दिली," मी पुटपुटले. शकु माझी धाकटी बहीण. "तिच्या साक्षगंधात. नेसायला धड साडी नव्हती तिच्याजवळ."

"मोठ्यानं."

"शकुला दिली!!"

"बरोबर. तूच आहे." सासूबाईंनी गाठ सोडली. "तिच्या फोटोत पाहिली होती मी. पण त्याच्या आधीच मी त्या ड्रायक्लीनवाल्या गरिबाशी भांडून आली होती न! त्याचं काय? घे लिहून. सात, तीन, शून्य..."

हिरवी खूण आली! अवंतिका म्हणाली, "स्कैन होने तक मैं लाइन पर हूँ." चौदा व्हायरस निघाले, पेन ड्राइव्ह स्वच्छ झाली, पुस्तिका तिच्यावर चढली, आणि ती देऊन मी ह्यांना स्कूटरवर सराफ्यात पिटाळलं. चारला पाच कमी असताना ह्यांचा सासूबाईंच्या फोनवर निरोप आला, तिवारीजींनी घेतली! मी खुर्चीत अंग टाकलं.

"झालं न, काकू?" माझ्या फोनमधून आवाज आला. मराठीत!

मी ताडकन उठले. "तू... मराठी आहेस?"

"आजी बैतूलची, मराठीच आहे माझी. बोलता कमी येते, समजते सगळं." मागे चारपाच पोरी खुदखुदल्या. "काकू, कॉल रेकॉर्ड होते न. सर विचारून राहिले, नवीन मुलींना ट्रेनिंगमध्ये ऐकवायचा का? ओटीपी कसा सांभाळायचा, ते आजींपासून शिकावं म्हणतात."

"ऐकवा, ऐकवा!" पलंगावरून परवानगी मिळाली.

मीही म्हटलं, ऐकव बाई. शकुचं नाव तेवढं कापून टाक. तिला मी ती साडी नवीकोरी, खास तिच्यासाठी विकत आणली म्हणून सांगितलंय!