वर्ला हॉफस्टाडची पहिली बंदूक

ऑगस्टच्या दुसऱ्या मंगळवारी वर्ला हॉफस्टाड डेल क्नुटसनच्या दुकानात आली आणि म्हणाली, "फेझंटच्या शिकारीसाठी एक साधी पंपाची बंदूक दे."

फेझंट हा गवताळ रानातला कोंबड्यासारखा पक्षी; साऊथ डकोटात ही मागणी किराणा दुकानात मीठ मागण्याइतकी साधी आहे. पंपाची म्हणजे नळीखालची मूठ मागे ओढायची, पुढे ढकलायची, की दुसरं काडतूस तयार. पण वर्लाच्या हातून दोन चुका झाल्या. आपण पहिल्यांदाच बंदूक घेतोय हे ती मोठ्याने बोलली. आणि तेव्हा दुकानातल्या कॉफीच्या भांड्याभोवती आम्ही चार निवृत्त पुरुष बसलो होतो.

वर्लाने बत्तीस वर्षं शाळेत मुलांना जेवू घातलं. तिचा नवरा आर्लन गेल्या वर्षी वारला. त्याची बंदूक त्याच्या भावाने 'आठवण म्हणून' नेली. कुत्री पिकलसुद्धा त्याचीच आठवण होती, पण तिला खायला लागत असल्यामुळे ती मागे राहिली. गवतात दडलेला पक्षी उठवायचा आणि पडला की तोंडात धरून आणायचा, एवढंच पिकलला येतं. मागचा अख्खा हंगाम ती दाराशी बसून होती, धड जेवलीही नाही. यंदा तिला आपणच न्यायचं, असं वर्लाने ठरवलं होतं.

"साधी?" डेलने चष्मा काढला. "अगं, साधी असं काही नसतं. नळी बारा बोरची, जाड, की वीसची, बारीक?"

"काय फरक पडतो?"

आम्ही चौघं एकदम उठलो.

"बारा!" हार्लन म्हणाला.

"वीस! बाराच्या धक्क्याने खांदा निखळेल बिचारीचा," एल्डन म्हणाला.

"दस्ता लाकडाचाच घे, प्लास्टिकचा म्हणजे खेळणं," मर्विन म्हणाला.

मी चाळीस वर्षं सरकारी वजनमापं तपासली. म्हणून मी शांतपणे म्हणालो, "घाई नको. आधी निकष ठरवू."

आज वाटतं, सगळा घोळ त्या एका वाक्याने झाला.

डेलने आतून गुलाबी रंगाची एक बंदूक आणली. "ही खास बायकांसाठी."

"फेझंटला रंग कळतो?"

"त्याला नाही कळत. पण बायकांना आवडतो."

"कुठल्या बायकांना?"

"कंपनीतल्या," डेल म्हणाला आणि बंदूक आत ठेवून आला.

त्या दिवशी वर्ला बंदुकीशिवाय घरी गेली. पण खांद्याची गादी, बंदुकीचा पट्टा, नळीला लावायची विजेरी आणि दलदलीत लपण्यासाठीचं हिरवं जाकीट घेऊन. आमच्याकडे दलदल नाही. फेझंटची शिकार भर दिवसा होते. "असू दे, लागतं," असं डेलने सांगितलं होतं.

पुढच्या आठवड्यात चर्चच्या तळघरात 'प्रथम बंदूक खरेदी सल्लागार मंडळा'ची रीतसर स्थापना झाली. कार्यवाह मी. उमेदवाराने भरायचा चौदा पानी अर्ज मीच तयार केला. प्रश्न नववा : 'आपला स्वभाव धक्का सहन करणारा आहे काय?' वर्लाने लिहिलं, 'तुमच्यात बसते आहे ना.' उत्तर अपुरं असल्याच्या शेऱ्यासह अर्ज परत गेला.

सप्टेंबरमध्ये बोरवर मतदान झालं. दोन विरुद्ध दोन. निर्णायक मत वर्लाचं असावं असं पाद्रीबाईंनी सुचवलं. पण तिचा या व्यवहारात थेट हितसंबंध असल्यामुळे तिला मतदान करता येईना. रविवारच्या प्रार्थनेनंतर तळघरात कॉफीची दोन भांडी लागू लागली, एक बारावाल्यांचं, एक वीसवाल्यांचं. तटस्थ लोक पाणी प्यायचे. एल्डनच्या बायकोने बारावाल्यांच्या टेबलावरचा केक खाल्ला, तेव्हा एल्डन दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. ती म्हणते, तिचे लग्नानंतरचे ते सर्वांत निवांत दोन दिवस.

हंगाम ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी सुरू होतो. दहा दिवस आधी मंडळाने एकमताने ठराव केला : विषय गंभीर असल्याने उमेदवाराने बंदूक पुढच्या वर्षी घ्यावी.

"आणि पिकल?" वर्लाने विचारलं.

"कुत्रीचा मुद्दा विषयपत्रिकेवर नाही," मी म्हणालो.

वर्ला माझ्याकडे बघत राहिली. शाळेत ताटातली भाजी टाकणाऱ्या पोरांकडे ती तशीच बघायची. मग ती उठली आणि पिकलला गाडीत घालून शेजारच्या काउंटीत निघून गेली.

तिथल्या छोट्या दुकानात लिओटा नावाची म्हातारी बसते. तिने बंदूक रिकामी असल्याची खात्री करून ती वर्लाच्या हातात दिली. "भिंतीकडे तोंड करा. डोळे मिटा. खांद्याला लावा. आता उघडा. काय दिसतं?"

"टोकाचा नेम धरायचा मणी. आणि सगळी नळीच."

"मग ही तुम्हाला लांब पडते. ही घ्या."

तिसऱ्या बंदुकीला नुसता मणी दिसला, जिथे दिसायला हवा तिथेच. "झालं," लिओटा म्हणाली. "जुनी आहे, पण तुमच्या मापाची आहे. शनिवारपर्यंत रोज हवेत उडवलेल्या मातीच्या थाळ्या फोडायला या. मी शिकवते."

सरकारी कागद आणि चौकशी मिळून नऊ मिनिटं लागली. त्यातली पाच पेन चालत नव्हतं म्हणून.

शुक्रवारी वर्ला आमच्या टेबलाशी आली. "उद्या कोण येतंय बरोबर? मला सोबत हवी. तुम्ही सगळे जाणते."

हार्लनचा गुडघा दुखत होता. एल्डनची पाठ. मर्विनचा जावई येणार होता. मी म्हणालो, माझा शिकारीचा परवाना बघावा लागेल. पाहिला. बावीस वर्षांपूर्वी संपला होता. माझी बारा बोर कपाटात आहे. अतिशय विचारपूर्वक निवडलेली. तेलकट कागदातून ती बाहेर आलेली नाही.

वर्ला लिओटाबरोबर गेली. पहिल्या पक्ष्यावरचा नेम चुकला. दुसराही चुकला, तेव्हा पिकलने थांबून मागे वळून पाहिलं. "आर्लनकडे बघायची ना, अगदी तशीच," वर्ला आम्हाला नंतर सांगत होती. तिसरा भर्रकन गवतातून उठला, तिने बंदूक खांद्याला लावली, आणि तो पडला. पिकल धावत गेली आणि तो लांबशेपट्या पक्षी तिने वर्लाच्या हातात आणून दिला, एक पीसही न मोडता. वर्ला तिथेच गवतात बसली. बराच वेळ. पिकलनेही घाई केली नाही. त्या रात्री कुत्री भांडं चाटूनपुसून जेवली.

हे ऐकून आमचे डोळे भरून आले. मग चौघांनी एकाच आवाजात विचारलं, "पण कितीची? बारा की वीस?"

"नाही सांगणार," वर्ला म्हणाली आणि माझ्या ताटातला केक उचलून निघून गेली.

मंडळाची मुदत आता दोन वर्षांनी वाढवली आहे. पिसांवरून बोर ओळखता येतो का, याची तपासणी सुरू आहे. लिओटाला दोन पत्रं गेली, उत्तर नाही. आणि तुम्ही, ज्यांनी बहुधा बंदूक कधी हातातही धरली नसेल, त्यांनीसुद्धा वाचता वाचता मनात एक आकडा पक्का केलाच असेल. लाजू नका. मंडळात एक जागा रिकामी आहे, आणि तुमची पात्रता पूर्ण आहे.