येडगावचे तीन आंतरराष्ट्रीय सामने

कोणत्याही तालुक्याची प्रगती त्याच्या परदेशाशी असलेल्या संबंधांवरून मोजावी, असं जाणकार म्हणतात. (हे जाणकार कोण, याची चौकशी चालू आहे.) या मापाने जुन्नर आणि आंबेगाव फार पुढे गेलेले आहेत. इथे आजवर फुटबॉलचे तीन आंतरराष्ट्रीय सामने झाले, आणि तिन्हींचं सूत्रसंचालन मीच केलं.

'आंतरराष्ट्रीय' म्हणजे काय, हे आमच्या संयुक्त समितीच्या घटनेत स्पष्ट आहे. समोरच्या संघात पासपोर्टवर शिक्के असलेली माणसं हवीत. खोडदला मोठ्या रेडिओ दुर्बिणीपाशी परदेशी शास्त्रज्ञ येतात, आणि आग्रह केला की खेळायलाही येतात. त्यांचे आठच भरले, तर उरलेल्या तीन जागा वारूळवाडीचा आदेश आणि त्याचे दोन मावसभाऊ भरतात. आदेश आठ महिने दुबईला होता. मावसभाऊ त्याला विमानतळावर सोडायला गेले होते.

मैदान म्हणजे मे महिन्यात येडगाव धरणाचं पाणी उतरल्यावर उघडी पडणारी जमीन. चेंडू शेजारच्या उसात गेला तर सामना बरोबरीत सुटला असं धरतात, कारण उसात बिबट्या असू शकतो आणि तो कोणाच्या बाजूने आहे हे विचारायला जायला कोणी तयार नसतं.

आमचा कर्णधार तय्यब. वय सत्तेचाळीस, जुन्नरला वेल्डिंगचं दुकान, गोलचे खांबही त्यानेच जोडलेले. आंतरराष्ट्रीय सामन्यात एक गोल करायचा आणि तो बायकोने, अनवरीने, पाहायचा, एवढीच त्याची इच्छा.

पहिल्या सामन्यात सत्कार आधी ठेवला. समितीचे अध्यक्ष सुवालालशेठ नारायणगावचे कापडवाले. मन इतकं मोठं, की शालीशिवाय कोणी परत गेलेलं त्यांना सोसत नाही. आंबेगावची मंडळी उशिरा पोचली, म्हणून सत्कार पुन्हा पहिल्यापासून घेतला. खेळायला सहा मिनिटांचा उजेड उरला. निकाल: गोल शून्य, शाली एक्केचाळीस.

दुसऱ्या वेळी धाडस करून खेळ आधी ठेवला. चौथ्या मिनिटाला एक माजी सभापती गाडीतून उतरले, चेंडू पळताना पाहून म्हणाले, "चालू द्या तुमचं, आमी निघतो." त्यांची समजूत काढेपर्यंत दिवस मावळला.

तिसऱ्या सामन्याआधी डॉक्टरांनी तय्यबला सांगून टाकलं होतं की जूनमध्ये गुडघ्याचं ऑपरेशन, त्यानंतर खेळ कायमचा बंद. तो बैठकीत उभा राहिला.

"शेठ, लई नाय मागत. नव्वद मिनिटं द्या. यंदा सत्कार नको."

सुवालालशेठना गहिवरून आलं. "तय्यबभाऊ, पावण्यांना मोकळ्या हातानं लावून द्यायचं व्हय?"

तेव्हा तोडगा मी काढला, आणि मला त्याचा अभिमान आहे. दोन्ही एकदम करायचं. मैदानात खेळ, व्यासपीठावर सत्कार. नाव पुकारलं की खेळाडूने यायचं, शाल घ्यायची, फेटा बांधून परत जायचं.

योजना उत्तम चालली. फक्त गेलेले खेळाडू परत येईनात, कारण पुढे फोटो होते आणि फोटोपुढे चहा. बावन्नाव्या मिनिटाला मैदानात दोघंच उरले होते. एक तय्यब, आणि दुसरा, तेवढाच परत आलेला पाहुण्यांचा गोलरक्षक, ज्याचा फेटा घसरून नाकापर्यंत आला होता. पंच असलेला विपुल व्यासपीठावर शाल घेत होता. तय्यब एकटा, लंगडत, सगळं मैदान ओलांडून गेला आणि त्याने गोल केला. (असं तय्यबचं म्हणणं आहे. मला त्याची आरोळी ऐकू आली होती, पण मी त्या वेळी माजी उपसरपंचांचा परिचय वाचत होतो.)

तो धापा टाकत व्यासपीठाशी आला. "अनवरी, बघितलंस?"

अनवरी नवी शाल खांद्यावर घेऊन उभी होती. "आवं, कर्णधाराच्या मिसेस म्हणून आत्ताच पुकारलं मला…" तय्यब खाली बसून बुटाची नाडी सोडू लागला. मला फार वाईट वाटलं, हे इथे नमूद करतो.

घटनेप्रमाणे निदान एका माणसाने पाहिल्याशिवाय गोल धरता येत नाही. प्रेक्षक तीनशे होते. समितीने साक्षीदारांसाठी आवाहन केलं. सतरा अर्ज आले, आणि सतराही जणांनी विचारलं होतं की साक्षीदारांचा सत्कार कधी ठेवलाय.

शेवटी गोलच्याच मिनिटाला व्यासपीठावरून काढलेला गर्दीचा फोटो मोठा करून घेतला. निदान एखादी मान मैदानाकडे वळलेली असेल, अशी तय्यबला आशा होती. आम्ही भिंग लावून एकेक चेहरा तपासला. सगळे व्यासपीठाकडे बघतायत.

तिसऱ्या रांगेत, उजवीकडून पाचवे, तुम्ही आहात. आपण त्या दिवशी येडगावला गेलोच नव्हतो, असं तुम्ही म्हणाल. फोटो दाखवल्यापासून, ते सतरा अर्जदार धरून, बाकीचे दोनशे नव्याण्णवही तेच म्हणतात. पण फोटो स्वच्छ आलाय. तुमच्या पाठीमागे एका माणसाचा आयुष्यातला एकुलता एक गोल होतोय, आणि तुम्ही कॉलर नीट करताय, न जाणो पुढचं नाव आपलंच असेल.