हरलेल्या उमेदवाराचं व्याख्यान

निवडणुकीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या जिन्यात निकम सरांचा आवाज घुमतो. ते वर्तमानपत्राच्या कचेरीत फोन लावून भांडत असतात.

"अहो, अर्धाच निकाल छापलाय तुम्ही! जिंकलं कोण ते कळलं. हरलं कोण? काय? जागा नव्हती? जिंकलेल्याच्या हारतुऱ्याला बरी पाऊण पान जागा सापडली!"

निकम सर माझ्या वरच्या मजल्यावर राहतात. मूळचे नामपूरकडचे. चांदवडच्या एका शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि नाशिकला द्वारका चौकाजवळच्या आमच्या इमारतीत येऊन राहिले. बायको आधीच गेलेली, त्यामुळे घरात ते आणि पुस्तकं. सोसायटीच्या रांगोळी स्पर्धेत मला पहिलं बक्षीस मिळालं, तेव्हा अभिनंदन सोडाच, त्यांनी विचारलं, "शेवटचा नंबर कोणाचा?" आणि त्या बाईंच्या दारी जाऊन रांगोळी नीट बघून, दोन शब्द बोलून आले. मला राग आला होता. खोटं कशाला सांगू?

सरांचा सगळ्यात लाडका पराभूत मात्र नाशिकचा नव्हे, थेट अमेरिकेचा. पन्नासच्या दशकातल्या तिथल्या निवडणुकीत उपाध्यक्षपदाला उभा राहून पडलेला एक गृहस्थ. डोक्यावर केसाळ कातड्याची टोपी घालून तो गावोगाव हिंडायचा आणि दिसेल त्याच्याशी हात मिळवायचा. पक्षाच्या अधिवेशनात त्याने एका देखण्या तरुणाला हरवून उमेदवारी मिळवली. पुढे निवडणूक हरला. आणि तो देखणा तरुण? चार वर्षांनी खुद्द राष्ट्राध्यक्ष झाला!

"त्या देखण्याचे फोटो आपल्याकडच्या सलूनमध्येसुद्धा लागले होते," सर टेबलावर हात आपटून सांगायचे. "आणि ज्याने त्याला हरवलं, त्याचं नाव कुणाला येतं? ताई, तुम्हाला येतं?"

"नाही, सर. सांगा ना."

"सांगणार नाही. आयतं मिळालं की विसरता तुम्ही लोक. शोधा!"

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात रविवारी व्याख्यान असतं आणि वक्ते गोळा करायचं काम माझ्याकडे आहे. गुडघेदुखीवर बोलणाऱ्या डॉक्टरांनी आधीच्या रविवारी नकार कळवला, म्हणून मी सरांना विचारलं. ते आठवडाभर तयारीला लागले. इस्त्रीचा सदरा, हातात टिपणं, आणि मला ताकीद, "नाव अगदी शेवटी सांगणार. तोवर कुणाला उठू देऊ नका."

फळ्यावरचं डॉक्टरांचं नाव बदलायचं राहिलं, त्यामुळे गुडघे दुखणारे पस्तीस जण त्यांच्यासाठीच आले होते. विषय कळल्यावर वीस उठले. पण उरलेल्यांना सरांनी बांधून ठेवलं. टोपी, हस्तांदोलनं, अधिवेशनातली चुरस, एका फेरीत हा पुढे तर दुसऱ्या फेरीत तो. मागच्या रांगेतले एक आजोबा तर "मग? मग?" करायला लागले. आता नाव येणार, इतक्यात बाहेर ताशा वाजला.

नुकताच निवडून आलेला नगरसेवक आभार मानायला दारात उभा होता. संघाचे अध्यक्ष, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, लगबगीने उठले आणि सरांच्या हातातून माईक घेऊ लागले.

"सर, बाकीचं पुढच्या वेळी. साहेबांना वेळ नाही."

"दोन मिनिटं राहिलीत, अण्णा."

"अहो, तो मेला कधीच. त्याला कसली घाई?"

लोक हसले. माझ्याही तोंडातून हसू निसटलं, त्याची लाज मला अजून वाटते. सरांचा चेहरा लाल झाला. चिडले की ते थेट अहिराणीवर येतात.

"हाई काय शे?" ते गरजले. "काय शे हाई? माणूस हरला म्हणून त्याचं नावसुद्धा पुरं घेऊ देत नाही तुम्ही?"

पण माईक अण्णांकडे गेला होता. शाल निघाली, नारळ निघाला. 'मग? मग?' करणारे आजोबासुद्धा फोटोसाठी पुढे सरकले. सरांनी टिपणं गोळा केली आणि कडेकडेने बाहेर पडले.

माझं डोकं सणकलं. वक्ता मी बोलावला होता. मी अण्णांना सगळ्यांसमोर सांगितलं, "पुढच्या रविवारपासून तुमचे वक्ते तुम्हीच शोधा," आणि सरांच्या मागे धावले.

ते संघाच्या पायरीवर बसले होते. मला वाटलं, अण्णांना शिव्या घालतील. मी स्वतः दोन घालून सुरुवातही करून दिली. त्यांनी टिपणं घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाले, "आमच्या मंडळी एकदा उपसरपंचपदाला उभ्या होत्या."

हे मला नवीन होतं.

"सदस्य म्हणून निवडून आल्या होत्या. सगळ्यांनी शब्द दिला होता. मतदान हात वर करून. हिचा एकटीचाच हात वर. अर्जावर जिने सूचक म्हणून सही केली, तीसुद्धा खाली बघत बसली. भर सभेतून ही एकटी चालत घरी आली."

"तुम्ही होतात घरी?"

"पेपर तपासत होतो. मान वर न करता म्हणालो, 'कोणी सांगितले होते नसते उद्योग?'" सरांनी चष्मा काढला. "ती आत गेली. स्वयंपाकाला लागली. पुढे बावीस वर्षं संसार केला, पण तो विषय परत कधीच निघाला नाही. ती गेल्यावर या अमेरिकेतल्या माणसाबद्दल वाचलं. मिळेल ते पुस्तक आणलं. त्याची भाषणं सापडली, मतं सापडली. पण हरून तो घरी गेला, तेव्हा घरच्यांनी दारात त्याला काय म्हटलं, ते कुठेच लिहिलेलं नाही."

आत टाळ्या पडल्या. मी विचारलं, "तुम्ही काय म्हणायला हवं होतं, सर?"

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"'बस. पाणी देतो.' एवढंच, ताई. एवढंच पुरलं असतं."