कणगीतली सून आणि आमचं जिन

माणूस पारखण्यात माझा हात धरणारा अख्ख्या पिंपळगाव राजात कोणी नाही! सहा वर्षं कापसातली सरकी काढणाऱ्या जिनात कारकुनी केली, ती काय उगाच? म्हणून नागपूरहून आलेले नवे मॅनेजर भगवंतराव मला म्हणाले, की प्रत्येक मजुराच्या नावापुढे त्याचं काम एका ओळीत लिहून आणा, तेव्हा मी खूश झालो. आता कोणाची खरी किंमत काय, ते साहेबांना कळणार होतं!

आमच्या आवारात चाळीस बाया कापसातला काडीकचरा वेचायला बसत. त्यांच्यात बसून सत्यभामाबाई एक लांबलचक गोष्ट रोज थोडी थोडी सांगायची. संध्याकाळचा भोंगा झाला, की ऐन रंगात थांबायची. बाकीचं उद्या! मग दुसऱ्या दिवशी अंगात ताप असो, घरात पाहुणे असोत, बाया हजर. हंगामात शेजारचं जिन बायांसाठी दारोदार फिरत होतं, आणि आमच्याकडे एक जागा रिकामी नसे. म्हणून मी सगळ्यांपुढे 'कचरा वेचणे' लिहिलं आणि तिच्यापुढे, टपोऱ्या अक्षरात, 'गोष्ट सांगणे'.

साहेबांनी वाचलं आणि तिचं नाव खोडलं.

मी परोपरीनं समजावलं. साहेब म्हणाले, गोष्टीनं कापूस साफ होत नाही. असा संताप आला म्हणता! जिच्या जिवावर जिन भरतं, तिला हा माणूस एका रेघेत घालवतो? पण नोकरी मलाही होती, तेव्हा संताप मनातच ठेवला.

घोटाळा असा, की गोष्ट भलत्याच जागी अडकली होती. सासूनं सुनेला धान्याच्या कणगीत कोंडलेलं, आणि सुनेचा भाऊ दारात उभा! दोन दिवस बायांचे हात चालेनात. पुढे काय झालं असेल, यावर भांडणं जुंपली. तिसऱ्या दिवशी साहेब वैतागून स्वतःच आवारात आले.

"भावानं बहिणीला सोडवलं. सगळे सुखी झाले. लागा कामाला."

"अन् सासू?" गौसियानं विचारलं.

"सासू मेली."

"कायनं?"

"तापानं."

बायांतली थोरली सुभद्राबाई पदर झटकून उठली.

"सासू मेली म्हन्ता, त काम कसं होईन, सायेब? सुतक धरा लागते. दहा दिवस."

अहो, ती गोष्टीतली सासू, असं साहेब कळवळून सांगू लागले. सुभद्राबाईचं म्हणणं, महिनाभर रोजची भेटगाठ, तिला परकी कसं म्हणायचं? गौसिया मात्र समजूतदार.

"आमच्यात तीनच दिवस, सायेब. आमी चौथ्या दिवशी येतो."

आणि सगळ्याच्या सगळ्या बाया फाटकाबाहेर!

आवारात कापसाचा डोंगर, रस्त्यावर गाड्यांची रांग. दुपारी साहेबांनी मला आपल्या बैलांच्या दमणीत बसवलं आणि सत्यभामाबाईला घेऊन यायला सांगितलं. तिची जागा तिला परत मिळाली होती.

ती ओट्यावर तूर निवडत होती. सगळं ऐकून खुदकन हसली. सासू मेलेली नाही, नुसता ताप आहे, उद्या उतरवून देईन म्हणाली. मला मग जोर चढला. साहेबांना मी मनसोक्त शिव्या घातल्या. कामाच्या माणसाची पारख नाही, डोळे आहेत की बटणं!

तिनं सुपातला एक खडा बाजूला टाकला.

"शेषरावभाऊ, ते यादी तुमीच लिवली ना?"

"मीच!" मी छाती फुगवून म्हणालो.

"मंग कचरा बी मी सगळ्याहून जास्त येचत होती. ते काऊन नाई लिवलं?"

महिनाभर मी रोज तिच्यासमोर बसून गोष्ट ऐकली होती. तिचे हात काय करतात, ते एकदाही पाहिलं नव्हतं. परतताना दमणीतली गादीची जागा तिला दिली आणि मी पुढे, गाडीवानाशेजारी जाऊन बसलो.