अर्धा आटा अजून

गायकवाड आमच्याकडे चहाला येऊन गेले की पुढचे दोन दिवस आमच्या घरात कुठलंच झाकण उघडत नसे. लोणच्याची बरणी, साखरेचा डबा, रॉकेलचा कॅन, सगळं बंद. बोलता बोलता त्यांचा हात जवळच्या वस्तूकडे जाई. ती फिरणारी असली तर ते फिरवत, आणि ती घट्ट बसली की डोळे मिटून स्वतःशीच म्हणत, "अर्धा आटा अजून." तो अर्धा आटा सोडवताना माझी बायको ज्याचा उद्धार करी, तो दरवेळी मीच असे.

अंबरनाथला शिवमंदिराच्या अंगाला एका मजल्यावर आम्ही समोरासमोर राहायचो. गायकवाड एका कारखान्यात तपासनीस होते. दुसऱ्यांनी आवळलेले बोल्ट नीट आवळलेत की नाही, हे बघण्याचा त्यांना पगार मिळे. आवड आणि नोकरी इतकी जुळलेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. लग्न त्यांनी केलं नव्हतं. खोलीत एक खाट, एक स्टोव्ह आणि भिंतीवर बुद्धाची तसबीर. कुणीही ती एका खिळ्यावर टांगली असती, यांनी तिला चार कोपऱ्यांत चार स्क्रू मारले होते. पुढेमागे खोली सोडायची वेळ आली तर भिंत बरोबर न्यावी लागणार, असं मी त्यांना म्हणालो होतो. त्यांनी त्यावर खरोखर विचार केला.

माणूस भित्रा म्हणावा तर उंदरासापाला भ्यायचा नाही. त्याला भीती फक्त सुटण्याची. पंख्याखाली बसायच्या आधी तो कुणी बसवला हे विचारायचे. लग्नाच्या मांडवात शिरताना बांबूची दोरी ओढून बघायचे आणि वधूपित्याची झोप उडवायचे. खिशात कायम एक पाना असे, लहानमोठा करता येणारा, त्यामुळे पँट एका बाजूला कलंडलेली. आणि या भीतीचं वाईट हे की ती शेजाऱ्याला लागते. आमचा पंखा मी सहा वर्षं निर्धास्त झोपून वापरला होता. त्यांनी एकदा मान वर करून "हं" म्हटलं, त्या दिवसापासून मी खाट सरकवली.

त्यांची एक जुनी काळी मोटारसायकल होती, साडेतीनशे सीसीची. तिला त्यांच्याखेरीज कुणाचा हात लागत नसे. दर रविवारी सकाळी ते खाली बसून तिचा प्रत्येक नट तपासत आणि प्रत्येकाला अर्धा आटा देत. वर्षाचे रविवार बावन्न, हे लक्षात घेतलं तर पुढे जे झालं त्याचं कुणाला नवल वाटू नये.

ही गोष्ट सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराची, मे संपत आलेला होता. गायकवाडांचा धाकटा भाऊ बाळू बदलापूरला मांजर्लीत राहायचा, नदीजवळ, तळमजल्यावर. दहा वर्षांपूर्वी तो याच मोटारसायकलवरून पडला होता. पाय मोडला तो नीट जुळलाच नाही. कारखान्यातली नोकरी गेली आणि त्याने घराच्या पुढच्या खोलीत सायकलचं दुकान टाकलं. मोठा पाऊस झाला की मांजर्लीत पाणी शिरे, आणि बाळूला त्या पायाने पळता येत नसे. आदल्या वर्षी पाणी गुडघ्यावर आलं तेव्हा गायकवाडांनी त्याला याच गाडीवर घालून अंबरनाथला आणलं होतं. त्यामुळे पावसाआधी गाडी तयार हवी, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

रविवारी सकाळी त्यांनी इंजिनातलं जुनं तेल काढून टाकलं आणि मग ऑइल फिल्टर बदलायला घेतला. फिल्टर इंजिनाच्या उजव्या बाजूला एका गोल झाकणाआड असतो आणि झाकणाच्या मधोमध एकच नट असतो. तो नट हलेना. त्यांनी मला हाक मारली. मी गाडी धरली, त्यांनी पान्याला पाइप लावून जोर दिला, पाना सटकला, त्यांची बोटं सोलली आणि नटाचे कोपरे झिजून तो गोल झाला. मी म्हटलं, जाऊ द्या, नवीन तेल भरा आणि चालवा महिनाभर. ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी आंघोळ करून मळके कपडे घाला म्हणालो होतो. जुन्या फिल्टरमधून नवीन तेल गेलं आणि ऐन पुरात इंजिन जाम झालं तर, असं त्यांनी विचारलं. मग त्यांनी मला ते दृश्य सगळं वर्णन करून सांगितलं. पाणी कंबरेला लागलेलं, बाळू मागे बसलेला, गाडी बंद. ऐकून मीच गाडीचं स्टँड काढलं.

तेल नसलेली गाडी ढकलत आम्ही उल्हासनगर कॅम्प पाचला गेलो. तिथे लच्छूभाई नावाचे सिंधी गृहस्थ स्पेअर पार्ट विकत आणि दुकानासमोर दुरुस्तीही करत. त्यांनी चष्मा वर करून नटाकडे पाहिलं.

"साईं, इसको आदमी ने टाइट किया है या दुश्मन ने?"

गायकवाड म्हणाले, कोणी तरी मेकॅनिक होता, नाव आठवत नाही. सांगताना कान लाल झाले होते. लच्छूभाईंनी हातोडा उचलला आणि आधीच बजावलं, बॉडी अ‍ॅल्युमिनियमची आहे, तडकली तर जबाबदारी त्यांची नाही. गायकवाडांनी चटकन हातोड्यावर हात ठेवला. बॉडी तडकली म्हणजे गाडी गेली, आणि गाडी गेली तर पावसात बाळूला कोण काढणार. शेवटी लच्छूभाईंनीच मार्ग सांगितला. त्यांचा टेम्पो माल घेऊन बदलापूरला निघाला होता. असले नट काढणारा हात तिकडे मांजर्लीत आहे, लंगडा आहे पण हात सोन्याचा, असं ते म्हणाले. तो माणूस म्हणजे बाळू, गायकवाडांचाच भाऊ, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

गायकवाड टेम्पोत चढायला तयार होईनात. सख्खा भाऊ, त्यात कारागीर, मग पहिल्यांदा त्याच्याकडेच का गेलो नाही, हे मी विचारलं. बाळूला कशाला त्रास, एवढंच ते म्हणाले. दर रविवारी दुपारी बाळूकडे जेवायला जाणारा हा माणूस गाडी मात्र गल्लीच्या तोंडाशी लावून चालत जायचा, हे मला त्या दिवशी कळलं. शेवटी आम्ही गाडी टेम्पोत चढवली आणि निघालो. वाटभर ते खिशातला पाना सारखा चाचपत होते.

बाळूने दुकानासमोर स्टूल ओढलं, मोडका पाय लांब केला आणि नटाभोवती रॉकेल सोडलं. मग तासभर आम्हाला चहा पाजला. त्याला घाई कशाचीच नव्हती. तासाने त्याने बारीक छिन्नी नटाच्या कडेला टेकवली आणि टाचणी ठोकावी इतक्या हलक्या हाताने ठोकत राहिला. गायकवाड प्रत्येक ठोक्याला डोळे मिटत होते.

"दादा, हा आवळला कुणी?" बाळूने मान वर न करता विचारलं.

"होता एक मेकॅनिक."

"या गाडीला तुझ्याशिवाय हात कोण लावतं?"

गायकवाडांनी खिशातला पाना काढून हातात घेतला. मग जमिनीकडे बघत म्हणाले, "बाळू, त्या दिवशी पुढच्या चाकाचा नट मी नुसता बोटाने लावला होता. चहाला आत गेलो. तेवढ्यात तू गाडी नेलीस."

मी तिथे उगाच उभा होतो. कुठे बघावं कळेना, म्हणून टांगलेले टायर बघत राहिलो. दहा वर्षं हा माणूस आमच्या लोणच्याच्या बरण्या का आवळत होता, ते मला तिथे समजलं.

बाळूचा हातोडा थांबला नव्हता. "माहीत आहे मला," तो म्हणाला. "मी निघताना बघितला होता तो नट. पाना तिथंच पायाशी पडला होता. म्हटलं, नाक्यावर तर जायचंय, आल्यावर दादा करेल."

"मग बोलला का नाहीस?"

"तू ओरडला असतास."

त्याच ठोक्याला नट हलला. बाळूने तो बोटांनी काढला, झाकण उचकटलं. आतला फिल्टर तेलाने फुगून भिंतीला चिकटलेला, डांबरासारखा काळा. त्याने सायकलची एक तार घेतली, टोकाला वाकवून तिचा आकडा केला आणि विहिरीतून बादली काढावी तसा तो अलगद बाहेर ओढून घेतला. नवा फिल्टर बसला, झाकण बसलं. पेटीतून शोधून काढलेला दुसरा नट त्याने दोन-तीन फेरे फिरवला आणि दादाला म्हणाला, आता तू आवळ.

गायकवाडांनी पाना लावला. डोळे मिटून फिरवायला लागले. नट टेकला तसं बाळू म्हणाला, "बस."

"बस?"

"बस, दादा."

त्यांनी हात काढला. मला वाटतं, आयुष्यात त्यांनी केलेलं ते सगळ्यात अवघड काम असेल.

तेल भरून, बाळूच्या हातची भाकरी खाऊन आम्ही दुपारी अंबरनाथला निघालो, मी मागे बसलेलो. गायकवाडांनी गावाबाहेर गाडी थांबवली, उतरले, झाकणाखाली बोट फिरवलं, बोट कोरडं बघितलं आणि परत बसले. मैलभराने पुन्हा तेच. तोवर माझीही नजर त्या झाकणावर खिळली होती. खड्डा आला की मला वाटे, गेलं, सुटलं, आता तेल उडणार आणि आपण रस्त्यावर. तिसऱ्यांदा ते थांबले तेव्हा मीच आधी उतरलो.

"द्या तो पाना इकडे," मी म्हटलं. "मीच बघतो एकदा. अर्धा आटा अजून."

त्यांचा हात सवयीने खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. पँट सरळ झाली होती, ते माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

"पाना बाळूकडे ठेवून आलोय," ते म्हणाले. "बसा."