मेमरी पुसली का?

कंपनीनं चार म्हटलं की चार, असा शेखरचा स्वभाव. लिफ्टमध्ये ‘सहा व्यक्ती’ लिहिलेलं असेल आणि सहाव्याच्या कडेवर बाळ असेल, तर हा गृहस्थ मुकाट्यानं बाहेर पडून जिना चढतो. (मजला पाचवा. गुडघे स्वतःचेच.)

त्यामुळे बायको, योगिनी, जेव्हा म्हणाली, “अहो, आपल्या कॉम्प्युटरला आठ जीबी मेमरी बसवते,” तेव्हा तो धावत जाऊन मशीनची पुस्तिकाच घेऊन आला.

“अगं, चारच्या वर चालत नाही असं पुस्तिकेत छापलंय!”

“छापलेलं खरं असतं, हे मला सांगताय? जन्म गेला माझा छपाईची पानं लावण्यात.”

योगिनी पंचवटीतल्या घरी बसून पत्रिका, पुस्तकं टाइप करून द्यायची. तिचे मराठी फॉन्ट नव्या मशीनवर चालत नसत, म्हणून बारा वर्षांचं हे धूड तिनं जपलेलं. आणि आता घोटीच्या भजनी मंडळाची एकशे वीस पानी स्मरणिका उघडली की ते मान टाकत होतं. संध्याकाळी फाइल छापखान्यात गेली नाही, तर रविवारचा सोहळा स्मरणिकेविना! मंडळाचे अध्यक्ष सावळीराम, तांदळाचे व्यापारी, सकाळपासून सोफ्यावर ठाण मांडून होते.

“वहिनी, लोकांना काय तांदूळ वाटू का मी?”

योगिनीनं तीन दिवस इंटरनेट पालथं घातलं होतं. हेच मॉडेल आठवर मस्त चालतं, असं लिहिणारी माणसं तिनं हुडकली, एम.जी. रोडवरून मेमरीच्या दोन वापरलेल्या पट्ट्या आणल्या आणि पेचकस घेऊन मशीन उघडलंसुद्धा. शेखर बघतच राहिला. (त्याला अजून टॉर्चचे सेल उलटे बसतात.)

तेवढ्यात छापखान्याचा फोन आला. गॅलरीत जाता जाता ती म्हणाली, “तोवर तुम्ही ती मेमरी खोडरबरनं पुसून बसवा.”

शेखर गारच पडला. मेमरी पुसायची? बारा वर्षांचं काम? छे, छे! बिचारी घाईत बोलून गेली. त्यानं खोडरबर खिशात लपवलं, पट्ट्या तशाच बसवल्या आणि बटण दाबलं.

स्क्रीन काळाठिक्कर. आतून नुसतं टूं, टूं, टूं.

“गेलं का?” सावळीराम ताडकन उठले.

“मी म्हणालोच होतो, चार म्हणजे चार!”

योगिनी धावत आली. “अहो, मेमरी पुसली का?”

“वेडा आहे का मी?” शेखर छातीवर हात ठेवून म्हणाला. “तुझी बारा वर्षांची मेहनत मी माझ्या हातानं पुसू?”

“लय भला माणूस हाय, वहिनी,” सावळीराम डोळे टिपत म्हणाले.

“फारच भला.” तिनं त्याच्या खिशातून खोडरबर काढलं, पट्टीचे सोनेरी दाते खसाखसा घासले आणि काळं झालेलं खोडरबर त्याच्यापुढे धरलं. “हा मळ पुसायचा होता. फायली त्यात नसतात हो!”

पट्ट्या खट्‌कन बसल्या. बटण दाबलं, आणि स्क्रीनवर चक्क आठ! स्मरणिका उघडली, टाळकऱ्यांच्या सगळ्या फोटोंसकट. शेखरला भरून आलं. कंपनीला जे ठाऊक नव्हतं ते माझ्या बायकोला ठाऊक, हे त्यानं सावळीरामांना तीनदा सांगितलं.

“म्हंजी कंपनीनं कमीच सांगितलं व्हतं?” सावळीरामांनी विचारलं.

“हो ना,” स्क्रीनवरची नजर न काढता योगिनी म्हणाली. “आमचं लग्न जुळवताना ह्यांच्या मामांनी नेमकं उलटं केलं!”