वेशीतला ट्रॅक्टर झाकण्याबाबत

या जगात प्रत्येक वस्तूला मालक असतो. ज्या वस्तूला मालक सापडत नाही, तिला संस्कृती म्हणतात. हा फरक ज्याला कळतो तो वकील होतो. ज्याला कळत नाही तो मोबाईलवरचे खेळ बनवतो.

आमच्या दुबलगुंडी गावात असा खेळ सौम्याने बनवला. कारण अगदीच खासगी होतं. तिचे आजोबा भीमण्णा यांचा हुलग्या नावाचा बैल गेल्या वर्षी गेला (म्हातारपणाने, कोणत्याही कंपनीचा यात हात नाही). कारहुणवीला, म्हणजे ज्येष्ठी पौर्णिमेच्या बैलांच्या सणाला, बैल पळवत वेशीत आणतात आणि तिथं बांधलेलं तोरण, म्हणजे कर, जो बैल पहिल्यांदा तोडेल त्याला गावचा मान. तो मान या बैलाने दुसऱ्या कुणाला कधी मिळूच दिला नाही. तो गेल्यावर भीमण्णा जेवायचे कमी आणि रिकाम्या दावणीकडे बघायचे जास्त. म्हणून नातीने गाव जसंच्या तसं मोबाईलमध्ये उतरवलं: वेस, लिंबाचं झाड आणि डावं शिंग वाकडं असलेला तो बैल. संध्याकाळी म्हातारा अंगठ्याने बैल पळवायचा, कर तोडायचा आणि मगच भाकरीला बसायचा. औषध लागू पडलं होतं.

खेळ आधी पाहुण्यारावळ्यांत फिरला, मग तालुक्यात, आणि मग जिथं पोचू नये तिथं पोचला. कारण गाव जसंच्या तसं उतरवताना सौम्याने वेशीजवळचा गुंडेरावांचा ट्रॅक्टरही उतरवला होता. गुंडेरावांचा आडतीचा धंदा आहे, आणि ट्रॅक्टर ते चालवण्यापेक्षा लोकांना दिसेल असा उभा करण्यासाठी वापरतात.

ट्रॅक्टर कंपनीची नोटीस आली. भाषा अतिशय सभ्य होती (रडू येईल इतकी). सदर ट्रॅक्टरचा रंग, बॉनेटचा बाक, त्यावरचं चिन्ह आणि सुरू होतानाचा आवाज ही कंपनीची मालमत्ता असून विनापरवाना चित्रण तात्काळ थांबवावं, अन्यथा खेळ बंद पाडण्यात येईल. गुंडेरावांनी रीतसर विकत घेतलं ते नुसतं लोखंड होतं, ही माहिती त्यांना या निमित्ताने मोफत मिळाली.

खेळ बंद म्हणजे म्हाताऱ्याची भाकरी बंद. सौम्याने मुकाट्याने चिन्ह पुसलं. कंपनीने कळवलं, रंग ओळखू येतो. रंग काढला. बाक ओळखू येतो. तिने ट्रॅक्टरवर ताडपत्री टाकली. कंपनीच्या तज्ज्ञांनी ताडपत्रीच्या फुगवट्यावरून आत कोणाचा ट्रॅक्टर आहे ते अचूक ओळखलं, शिवाय ताडपत्रीवरही कुणाचं तरी चिन्ह असल्याकडे सौजन्याने लक्ष वेधलं. शेवटी ट्रॅक्टरच्या जागी कडब्याची गंजी आली. तरी खेळणाऱ्यांपैकी ऐंशी टक्के लोक (उरलेल्यांचं चार्जिंग संपलं होतं) गंजीखाली ट्रॅक्टरच आहे असं म्हणत राहिले. पण हा गुन्हा त्यांच्या डोक्यात घडत असल्याने नोटीस नेमकी कुठे चिकटवावी, असा पेच कंपनीपुढे पडला.

खबरदारी म्हणून सौम्याने बाकीचं गावही तपासलं. चपला, बिस्किटं, तंबाखूची पुडी, पाण्याची मोटर, फवारणीचा पंप, बँकेची पाटी, सगळ्यांवर कुणाचा ना कुणाचा हक्क निघाला. तो माल काढून घेतल्यावर गावकरी अनवाणी आणि रिकाम्या हाताने उभे राहिले. बिनमालकाचं उरलं ते एवढंच: वेस, लिंब, धूळ, भीमण्णा आणि बैल. गाव इतकं स्वच्छ करणं आजवर कोणत्याही अभियानाला जमलं नव्हतं.

मग कंपनीची नवी जाहिरात आली. तिच्यात वेस होती, लिंब होता, डावं शिंग वाकडं असलेला बैल होता. फरक अगदी किरकोळ होता. जाहिरातीत कर ट्रॅक्टर तोडतो, आणि बैल मागे धापा टाकत गुडघे टेकतो.

भीमण्णांनी ती नातीच्या मोबाईलवर पाहिली. परत लावायला सांगितली.

"ह्यो मागं कामून पडायलाय, सौम्या?"

सौम्याने जाहिरात बंद केली.

"त्यो कवाच मागं पडला न्हाई. मेल्यावर हरवायलेत व्हय त्याला?"

त्या दिवशी म्हाताऱ्याने भाकरीला हात लावला नाही. मला याचा भयंकर राग आला. तो इथेच नोंदवतो, कारण सरकारी कागदात रागासाठी रकाना नसतो.

सौम्याने हुमनाबादचे वकील शिवशंकर यांना गाठलं. त्यांनी कंपनीला लिहिलं. उत्तर आलं, तेही सभ्यच: बैल, वेस आणि तत्सम बाबी ही ग्रामीण संस्कृती असून ती सर्वांची आहे. वकीलसाहेब म्हणाले की चित्र सौम्याचंच आहे हे कोर्टात सिद्ध होऊ शकेल, फक्त आजोबांचं वय किती ते सांगा. वय ऐकून त्यांनी फाईल मिटली.

"बैल तुमचा होता, अक्का," ते म्हणाले. "त्याचं दिसणं तुमचं न्हाई."

हल्ली भीमण्णा खेळ लावतात, बैल वेशीपर्यंत आणतात आणि तिथंच थांबवतात. कर तोडत नाहीत. सौम्याने विचारलं तर म्हणतात, "पुढं त्यो ट्याक्टर उभा हाय." पुढं कडब्याच्या गंजीशिवाय काही नाही.

वाचकांसाठी एक आवश्यक सूचना. वरील मजकुरात मी कंपनीचं नाव दिलेलं नाही आणि ट्रॅक्टरचा रंगही कुठे सांगितलेला नाही. तरी तुम्हाला तो दिसला, आणि रंगासकट दिसला. सदर चित्रण विनापरवाना असल्याने नोटिशीची वाट पाहावी.

बैलाचं नाव मात्र मी सुरुवातीलाच स्पष्ट सांगितलं होतं. वर न बघता सांगा बरं.